तीस लाख अंकांचं गणित

आमच्या घरात एक गणित पाऊण वर्ष चाललं होतं. हे कुणाला सांगितलं तर माणसं हसतात, त्यांना ती बोलायची एक तऱ्हा वाटते. पण घाटनांदूरच्या आमच्या पत्र्याच्या घरात, पुढच्या खोलीत, आईच्या शिलाई मशीनला लागून ठेवलेल्या कॉम्प्युटरवर खरोखरच एक गणित सुरू होतं. लाईट असेल तेवढा वेळ ते चालायचं, लाईट गेली की थांबायचं, आली की सोडलं तिथून पुन्हा सुरू व्हायचं. त्या डब्यातल्या पंख्याची घरघर घरात इतकी मुरली होती की ती बंद पडली की झोपेतसुद्धा कळायचं. आईचं शिलाई मशीन, स्टेशनात शिरणाऱ्या गाडीचा भोंगा, उन्हानं तापून टणटण वाजणारे पत्रे आणि ही घरघर, या चार आवाजांत माझं विसावं वर्ष गेलं. शेजारच्या बायका आईला विचारायच्या, "सरांचं काय चाललंय हो?" आई सुई ओवता ओवता सांगायची, "त्यांची संख्या चाललीय." आणि बायकांना ते पटायचं. एखाद्याच्या घरी अखंड पारायण चालू असावं, तसं.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, गावातल्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांना काचबिंदू झाला होता. या दुखण्यात नजर कडेनं जाते. समोरचं दिसतं, पण बाजूचं मिटत मिटत येतं आणि शेवटी नळीतून बघावं तेवढंच उरतं. आप्पांनी बरेच दिवस ते घरात कुणाला कळू दिलं नाही. मग शाळेत फळ्यावरच्या त्यांच्या ओळी उतरत्या होऊ लागल्या, एका ओळीवर दुसरी चढू लागली. पोरं हसली नाहीत. आप्पा आईला म्हणाले होते, "हसली असती तर बरं झालं असतं. ती गप बसून वहीत सरळ करून घेत होती." त्या वर्षी त्यांनी नोकरी सोडली. त्यानंतर ते सकाळी आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून, ओट्यावर बसून राहायचे. शाळेची घंटा आमच्या घरापर्यंत ऐकू यायची. प्रत्येक तासाला ते नकळत मान वर करायचे.

मी तेव्हा अंबाजोगाईला बी.एस्सी.ला होते. रोज सकाळी एसटीनं जायचं आणि दुपारच्या गाडीनं यायचं. डब्यात ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कधी रात्रीची येसर आमटी घट्ट झालेली. कॉलेजजवळ एक इंटरनेटचं दुकान होतं आणि त्याला लागून सलीमभाईंचं. सलीमभाई आधी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर जोडून द्यायला लागले. आमचा कॉम्प्युटर त्यांनीच जोडून दिला होता. त्या इंटरनेटच्या दुकानात मला कळलं की जगभरचे लोक आपापल्या घरच्या कॉम्प्युटरवर फार मोठ्या मूळ संख्या शोधत आहेत. मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः, यांच्याशिवाय कशानंच पूर्ण भाग जात नाही. कुणीही मागितली की त्याच्या वाट्याला एक संख्या येते. तिची परीक्षा घ्यायचा प्रोग्राम ते देतात. आपण ती मूळ आहे की नाही ते तपासायचं आणि उत्तर पाठवायचं. मी तो प्रोग्राम फ्लॉपीवर घालून घरी आणला, तो खरं म्हणजे आप्पांची दुपार जावी म्हणून.

आमच्या वाट्याला आलेली संख्या तीस लाख अंकांच्या पुढची होती. आप्पांनी ओट्यावर बसल्या बसल्या हिशेब केला की ती हातानं उतरवून काढायची तर दोनशे पानांच्या तीस वह्या लागतील. जेवताना म्हणाले, "एवढी मोठी संख्या आन् तिला कुणी भागतंय का न्हाई, हे आजवर कुणाला ठावं न्हाई. आपल्याला कळंल पयल्यांदा." त्यांच्या आवाजात पुष्कळ दिवसांनी शाळेतला आवाज होता. आईनं त्यांच्या ताटात न विचारता आणखी एक भाकरी वाढली.

संक्रांत झाल्यावर गणित सुरू झालं. मशीन अखंड चाललं असतं तर अडीच महिन्यांत उत्तर आलं असतं. पण आमच्याकडे रोज आठ तास लाईट जायची, एक आठवडा सकाळची, एक आठवडा संध्याकाळची. त्यामुळे ते चार महिन्यांवर गेलं. आप्पांनी आपलं काम वाटून घेतलं. लाईट आली की मशीन चालू करायचं, प्रोग्राम उघडायचा, खुर्ची पुढं ओढून, नाक काचेला लागेल इतकं जवळ जाऊन टक्केवारी वाचायची आणि वहीत मोठ्या अक्षरात लिहायची. कुठलं बटण कितवं, ते त्यांनी बोटांनी मोजून पाठ केलं होतं. आईनं कीबोर्डला जुन्या लुगड्याची खोळ शिवली होती. आप्पा ती घडी घालून बाजूला ठेवायचे, काम झालं की पुन्हा चढवायचे.

शिवरात्रीच्या सुमाराला ते आईला घेऊन लातूरला डोळे दाखवायला गेले. आदल्या दिवशी आईनं मला चुलीपाशी सांगितलं होतं, "डॉक्टर मागच्या बारीलाच म्हन्लेत, गेलंय ते येत नसतंय. ऱ्हायलंय ते किती दिस टिकंल सांगता येत न्हाई. त्यांना ते उत्तर सोताच्या डोळ्यानं वाचायचंय गं. मला बोलले न्हाईत, पन मला कळतंय." म्हणजे आता दोन गोष्टींची शर्यत होती. ते दोघे लातूरला होते त्या दिवशी मी मशीन पळवलं.

पळवलं म्हणजे काय, ते सांगते. प्रोसेसर ज्या गतीनं चालायचा ती गती कंपनीनं ठरवून दिलेली असते, पण मशीन सुरू होताना एक निळी पाटी उघडता येते आणि तिथं ती वाढवता येते. शंभराच्या जागी मी एकशेतेहेतीस केले. तिसऱ्या भागानं वेग वाढला. उरलेल्यातले तीनेक आठवडे वाचणार होते. हे मी सलीमभाईंकडून ऐकलं होतं. त्यांनी ते सांगितलं आणि लगेच म्हणाले होते, "पन ताई, आपल्याकडच्या गर्मीत नको करू. लई केलं तर मशीन चुकतंय. आन् करायचं तर सरांना इचारून कर, मशीन त्यांचं हाय." मी हो म्हटलं होतं. विचारलं नाही. मला वाटलं, चार दिवस आधी उत्तर येईल, आप्पा वाचतील, वेग का वाढला हे कशाला कुणाला कळायला हवं. खरं सांगायचं तर आणखीही एक होतं. मला त्या वयात माझ्या हुशारीचा फार अभिमान होता, आणि कुणाला न सांगता केलेली हुशारी मला जास्त गोड लागायची.

पाडव्यापर्यंत सगळं सुरळीत होतं. आप्पा टक्के लिहायचे आणि म्हणायचे, "लाईट कमी जातीय का गं आजकाल? लौकर सरकायलंय." मी म्हणायचे, असेल. पाडव्यानंतर ऊन चढलं. एका सकाळी मी कॉलेजला निघायच्या तयारीत होते. आप्पांनी मशीन चालू केलं, टक्केवारी बघायला बटण दाबलं आणि पडदा जागच्या जागी गोठला. ना माउस हलेना, ना बटण चालेना. आप्पांनी हात उचलून मांडीवर ठेवले. "काय केलं मी?" असं ते स्वतःशीच म्हणाले. मी म्हटलं, "होतं असं कधीकधी," आणि मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. तीन दिवसांनी पुन्हा तेच झालं, पुन्हा आप्पा समोर असताना. या वेळी निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. मी दुपारी कॉलेजातून परत आले तेव्हा कीबोर्डवर खोळ चढवलेली होती आणि तिला वरून सुतळीनं गाठ मारली होती. आप्पा ओट्यावर होते. म्हणाले, "उद्यापासून तूच बगत जा टक्के. माज्या हातून कायतरी भलतंच दाबलं जातंय. दिसत न्हाई आता मला नीट."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. आज इतक्या वर्षांनी मी ते दार, तो ओटा, आप्पांच्या चपला डोळ्यांसमोर आणते आणि स्वतःलाच विचारते की तोंड उघडायला असा किती वेळ लागला असता. पण तेव्हा माझ्या डोक्यात दुसराच विचार होता. वेग पूर्ववत केला तरी झालेलं गणित संशयाचं राहणार होतं, आणि ते टाकून द्यायचं तर का टाकलं ते सांगावं लागणार होतं. त्यापेक्षा मशीन त्या वेगालाच स्थिर केलं, तर सांगायची वेळच येणार नव्हती. म्हणून मी दुरुस्तीच्या मागे लागले.

त्या प्रोग्राममध्ये मशीनची परीक्षा घ्यायची एक सोय होती. ज्यांची उत्तरं आधीच माहीत आहेत अशी गणितं तो मशीनला घालायचा आणि उत्तर जुळलं नाही की थांबून तसं सांगायचा. मी प्रोसेसरला मिळणारा विजेचा दाब एक पायरी वाढवला. आठ दिवस बरे गेले. मग पुन्हा पडदा गोठला. डब्याचा बाजूचा पत्रा काढून ठेवला. टेबलफॅन वळवून आत वारा सोडला. कॉलेजच्या जर्नलच्या मागच्या पानांवर मी वेळ आणि निकाल लिहीत होते. सकाळी सातला परीक्षा घेतली तर मशीन दोन दोन तास पास व्हायचं. दुपारी दोनला घेतली की पंधरा मिनिटांत नापास. पत्रे तापले की खोलीतली भिंतसुद्धा हाताला चटके द्यायची. उन्हाळा हे त्यातलं अर्धं कारण होतं आणि अर्धं मी होते.

याहून वाईट गोष्ट मी एका दुपारी केली. मुख्य गणित चालू असताना आकडेमोडीत काही गडबड झाली की प्रोग्राम एका फाईलमध्ये तशी नोंद करायचा आणि मागच्या खात्रीच्या जागेवरून पुन्हा सुरुवात करायचा. त्या फाईलमध्ये अशा नऊ ओळी जमल्या होत्या. उत्तर पाठवताना त्या दिसल्या असत्या. मी त्या खोडल्या. आप्पांनी आयुष्यभर पोरांना एकच गोष्ट सांगितली होती की उत्तर चुकलं तर अर्धे गुण देईन, पण रीत खोडून आलात तर एकही देणार नाही. ते मला आठवत होतं आणि तरी मी खोडल्या.

वैशाखात आमच्याकडे टँकर चौथ्या दिवशी यायला लागला. आई पहाटे उठून रांगेत हंडे लावायची. त्या वर्षी घरातला कूलर आम्ही लावलाच नव्हता. माणसांना प्यायला पाणी पुरेना तिथं कूलरला कुठून आणायचं. मी कधीतरी जेवताना बोलून गेले होते की गरमीनं मशीन बंद पडतं. आईनं ते धरून ठेवलं. एका दुपारी कॉलेजातून आले तर पुढच्या खोलीत कूलर चालू. त्याचं तोंड मशीनकडं वळवलेलं, आणि आई कपाळाचा घाम पुसत दाराआड बसलेली, वाऱ्याच्या बाहेर. आप्पाही ओट्यावर उन्हाच्या झळीत. मी म्हटलं, "आत बसा की आप्पा." ते म्हणाले, "त्याला लागू दे वारं. अठरा टक्के ऱ्हायलेत."

तेवढ्यात आई उठली. मोरीपाशी झाकून ठेवलेल्या तीन हंड्यांतला एक तिनं कमरेवर घेतला आणि कूलरकडे आली. पुढचा टँकर परवा येणार होता.

"आई, ओतू नको," मी म्हटलं.

"कावून? सुकलाय तो. वास यायलाय गवताचा."

"ओतू नको म्हन्ते ना. पाण्यानं काही होणार न्हाई."

"तूच म्हन्लीस ना, गर्मीनं बंद पडतंय म्हनून?"

"गर्मीनं न्हाई. माझ्यामुळं पडतंय."

आईनं हंडा खाली ठेवला. ओट्यावरून आप्पा आत आले. दाराची चौकट हातानं चाचपून ते आत यायचे तेव्हा. मी उभ्याउभ्या सगळं सांगितलं, शिवरात्रीपासून. आप्पांनी मधे एकदाही थांबवलं नाही. माझं बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती पळवलं?"

"शंभराचे एकशेतेहेतीस."

"म्हंजे तिसरा हिस्सा वाढवला."

"हो."

"मग पाडव्यानंतर ते बंद पडलं, ते माज्या हातानं न्हवतं."

"न्हाई आप्पा."

त्यांनी आपले दोन्ही हात डोळ्यांसमोर आणले. आधी लांब धरले, मग जवळ आणले आणि बघत राहिले. मला वाटलं आता त्यांना बरं वाटेल. त्यांच्या तोंडावर क्षणभर तसं काही आलंही. मग ते गेलं.

"तुला तवाच ठावं होतं?"

"हो."

"आन् मी सुतळीनं गाठ मारली ते बगितलंस तू."

"हो."

"डोळे जानार हायेत ते मला म्हाईत हाय सुमन. त्याची तयारी करायलोय मी. पन हातबी गेले असं मला वाटायलं होतं. दीड महिना." त्यांचा आवाज चढला नाही. "तू रोज समोर होतीस."

मी रडायला लागले. आप्पा वळले आणि चौकट धरून पुन्हा ओट्यावर जाऊन बसले. आईनं हंडा उचलून परत मोरीपाशी नेला, झाकण ठेवलं. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "पानी गेलं ते गेलं. त्याचं काय वाटत न्हाई मला. पन तू बापाला वळखलं न्हाईस."

संध्याकाळी आप्पांनी एकच वाक्य बोलायला मला हाक मारली. "ते सगळं पूस," ते म्हणाले. ब्याऐंशी टक्के झालं होतं. मी पुसलं. त्यानंतर नऊ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. जेवायला बसल्यावर मीठ हवं असलं तरी आईला सांगायचे, आणि मीठ माझ्याजवळ असायचं. त्या दिवसांत आईनं माझ्या आवडीचे धपाटे केले, दही घालून समोर ठेवले. मी ते तसेच झाकून ठेवले. आमच्या घरात कधी कुणी कुणाला मारलं नव्हतं. मला वाटायचं मारलं असतं तर हे लवकर संपलं असतं.

मी वेग पुन्हा शंभरावर आणला होता, विजेचा दाबही होता तिथं नेला होता. पण आप्पांना सांगायच्या आधी खात्री करावी म्हणून परीक्षा घेतली, तर मशीन तिसऱ्या तासाला नापास झालं. पुन्हा घेतली, पाचव्या तासाला. मशीन मी कायमचं बिघडवलं, असं वाटलं. मशीनचा डबा घेऊन अंबाजोगाईला सलीमभाईंकडे गेले आणि त्यांना सगळं सांगितलं, न विचारता केलं तेही. ते म्हणाले, "मी म्हन्लो होतो ना ताई," आणि पुढं काही लावून बोलले नाहीत. डबा उघडून पंखा साफ केला, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. "प्रोसेसर जळाला असता तर चालूच झाला नस्ता. दुसरं कायतरी हाय. घरी जाऊन नीट बग." घरी आणून परीक्षा घेतली. चौथ्या तासाला नापास.

त्या दिवशी मी ओट्यावर आप्पांच्या पायाशी जाऊन बसले. म्हटलं, "आप्पा, सगळं परत केलंय तरी चुकतंय. मला कळंना."

स्टेशनात मालगाडी लागत होती, तिचे डबे एकमेकांवर आदळत गेले. आवाज थांबल्यावर आप्पा म्हणाले, "काय काय बदललंस ते पयल्यापासून सांग. एकेक. गाळू नको काई."

"वेग वाढवला. मग विजेचा दाब."

"त्याच्या आदी?"

"त्याच्या आधी काही न्हाई. वेगच."

"त्या दिवशी मशीनपुढं बसलीस तितून सांग. कोन्ती पाटी उघडली, काय दिसलं."

मी डोळे मिटून सांगत गेले. निळी पाटी. पहिली ओळ, दुसरी ओळ. आप्पा प्रत्येक ओळीला विचारत होते, "इथं हात लावला?" आणि मी नाही म्हणत होते. पाचव्या का सहाव्या ओळीला माझी जीभ अडली. मेमरी. प्रोसेसरनं काही मागितलं की मेमरीला ते आणून द्यायला थोडा दम द्यावा लागतो, तो ठोक्यांत मोजतात. तो तीन होता. त्याच दिवशी, वेग वाढवण्याच्या हुरुपात, मी तो दोन केला होता आणि पार विसरून गेले होते. मी कबुली दिली, पण ती घाबरून, कडेकडेनं दिली होती. सगळं बदललेलं मीसुद्धा कधी एका ओळीत मांडून बघितलं नव्हतं.

"मेमरीचा दम कमी केला होता," मी म्हटलं.

"मग दे तिला तिचा दम," आप्पा म्हणाले. आणि मग, "एवढंच बदल. दुसरं काई करू नको. एका येळी एकच."

मी दोनाचे तीन केले. लाईट जाईल तेवढा वेळ सोडून, मशीननं चोवीस तास परीक्षा दिली. तुकड्या तुकड्यांत दोन दिवस लागले. एकही उत्तर चुकलं नाही. तिसऱ्या दिवशी आप्पा आत आले, खुर्चीवर बसले, कीबोर्डच्या खोळीची सुतळी, काम झालं की मी रोज पुन्हा बांधून ठेवायचे ती, त्यांनी बोटांनी शोधली, गाठ सोडली, खोळ घडी करून बाजूला ठेवली. "शून्यापासून," ते म्हणाले. बटण त्यांनी दाबलं.

आता माझ्या हातातल्या फोनला तेवढं गणित किती वेळात होईल, याचा मी कधी हिशेब केलेला नाही. करावासा वाटत नाही. त्या वर्षी ते ज्येष्ठात सुरू झालं आणि दिवाळीला टेकलं. पावसाळ्यात वाऱ्यानं तारा तुटायच्या, दोन दोन दिवस लाईट नसायची. त्या दिवसांत आप्पा मशीनशेजारी नुसते बसायचे. श्रावणापर्यंत ते टक्के स्वतः वाचत होते. भाद्रपदात त्यांनी एक आकडा चुकीचा वाचला, आठाचा तीन. मी दुरुस्त केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी उठून खुर्ची माझ्याकडे सरकवली. नवरात्रात त्यांना दारातला उजेड आणि उजेडात उभं राहिलेलं माणूस, एवढंच कळत होतं. आम्ही शर्यत हरलो होतो. किती दिवसांनी हरलो हे मला नेमकं माहीत होतं, आणि मी न पळवता राहिले असते तर हरलो नसतो हेही. आप्पांनाही ते माहीत असणार. त्यांनी ते कधी तोंडातून काढलं नाही.

उत्तर आलं त्या दिवशी आई फराळाचा चिवडा परतत होती. घरभर खोबरं आणि शेंगदाण्यांचा वास. पडद्यावर एक ओळ उमटली. मी आप्पांना हात धरून आणून खुर्चीवर बसवलं. त्यांना वाचता येणार नव्हतं, पण ते पूर्वीसारखे काचेच्या अगदी जवळ झुकले.

"वाच," ते म्हणाले.

"मूळ नाही," मी वाचलं.

आईचं उलथणं थांबलं. आप्पा म्हणाले, "न्हाई तर न्हाई. कळलं हे झालं." मग विचारलं, "आनखी काय लिवलंय?"

मी सांगितलं की संख्या मूळ नसली की शेवटी जी बाकी उरते तिचा एक तुकडा प्रोग्राम देतो, सोळा खुणांचा. पुढं कधीतरी दुसरा कुणी माणूस तीच संख्या त्याच्या मशीनवर तपासतो आणि त्याचे सोळा आपल्या सोळाशी जुळले तरच उत्तर पक्कं धरतात. त्यात आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळलेली होती, कारण ती दहाच्या नव्हे, सोळाच्या पद्धतीनं लिहिलेली होती. ते मी समजावून सांगितलं. आप्पांना त्याचा आनंद झाला, चार वेळा विचारून घेतलं. मग म्हणाले, "हळू वाच. मला पाठ करायचंय." मी वाचलं. चिवडा गार होईपर्यंत त्यांचं पाठ झालं होतं.

उत्तर मी अंबाजोगाईहून पाठवलं. त्यानंतर मी नोकरीला पुण्याला गेले. लग्न झालं, मुलगी झाली. सहा-सात वर्षं लोटली असतील. मी अधूनमधून मूळ संख्या शोधणाऱ्यांच्या त्या संकेतस्थळावर आमची संख्या शोधून बघायचे. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत घाटनांदूरला आलेली असताना बघितलं, तर तिच्यापुढं दुसरं उत्तर आलं होतं. पाठवणाऱ्याचं खरं नाव नव्हतं, नुसतं तिथलं टोपणनाव होतं. लॅपटॉप मांडीवर घेऊन मी ओट्यावर गेले. आप्पा पूर्ण आंधळे होते तोवर, केस पांढरे, सदरा मात्र तसाच धुतलेला. मी सांगितल्यावर त्यांनी हात वर केला.

"थांब. तू बोलू नको. मी म्हनतो, तू ताडून बग."

ते म्हणायला लागले. सात. सी. शून्य. चार. एकेका खुणेनंतर थांबत होते, मी "हं" म्हणेपर्यंत. अकराव्याला अडखळले. "आठ," म्हणाले, आणि मी काही बोलायच्या आत, "न्हाई. बी." पडद्यावर बी होतं. आई आतून येऊन दारात उभी राहिली. सोळावी खूण म्हणून झाली.

"सगळे?"

"सगळे जुळले आप्पा."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "त्या मानसाला कळव. आमचंबी हेच आलं होतं म्हनून."

तिथं निरोप ठेवायची सोय होती. मी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या आणि मराठी करून त्यांना वाचून दाखवल्या. तुमचं उत्तर आमच्या उत्तराशी जुळलं. माझ्या वडिलांनी आणि मी ही संख्या दोनदा केली होती.

"दोनदा कावून केली, तेबी लिव," आप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचं तोंड रस्त्याकडे होतं. मी लिहिलं की पहिल्या वेळी मी मशीनचा वेग वाढवला होता, त्यानं गणित बिघडलं, आणि दीड महिना मी ते वडिलांपासून लपवलं. लिहायला बराच वेळ लागला, दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. मग सगळं पहिल्यापासून वाचून दाखवलं.

आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आता धाड," ते म्हणाले.